ध्यान शिकवायचं असेल तर आधी काय शिकावं?

तासगावहून एका मुलीने विचारलंय. वय २७, मानसशास्त्रात एम.ए., तीन वर्षं रोज सकाळी स्वतः ध्यानाला बसते. आता तिला ध्यान शिकवायचं आहे, पण तिच्या दोन अटी आहेत. जे सांगेन ते विज्ञानाला धरून असावं, आणि माझा वर्ग पैसेवाल्यांच्या मनःशांतीपुरता राहू नये. आपल्याकडच्या कष्टकरी बायकांना, वस्तीतल्या पोरांना त्याचा उपयोग व्हावा. एक ऑनलाइन संस्था तिला २०० तासांचा कोर्स आणि प्रमाणपत्र देतेय. तो करावा का, मुळात शिकायचं ते काय, आणि फी किती ठेवावी, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी सांगली-मिरज भागात १८ वर्षं हे शिकवतेय. अलीकडे नव्या शिक्षकांच्या वर्गात मागे बसून त्यांचं शिकवणं ऐकायचं कामही करते. त्या अनुभवावरून लिहिते.

प्रमाणपत्राचं आधी उरकते. ध्यान शिकवायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ परीक्षा घेतं, पण ती योगशिक्षकांसाठी. शाळेत काम मागायचं असेल तर तिचा उपयोग होतो. बाकी ध्यानशिक्षक असल्याचा कागद कुणीही कुणालाही देऊ शकतं, आणि देतंही. म्हणून कोर्स किती तासांचा हे विचारूच नका. तुम्ही शिकवत असताना कुणी जाणतं माणूस ऐकणार आहे का, आणि नंतर तुमच्या चुका तोंडावर सांगणार आहे का, एवढं विचारा. व्हिडिओ बघून पोहायला येत नाही, हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या कोर्समध्ये असं ऐकणारं कुणी नसेल तर पैसे वाचवा.

आज ज्या पद्धतीवर सगळ्यात जास्त संशोधन झालंय ती (माइंडफुलनेसवर आधारलेली ताण कमी करण्याची पद्धत, इंग्रजीत एमबीएसआर) १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी सुरू केली. जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम. आठवड्यातून एकदा अडीच तास, घरी रोज पाऊण तास सराव, आणि शेवटाकडे एक अख्खा दिवस मौन. तिचा शिक्षक व्हायचं तर आधी स्वतः विद्यार्थी म्हणून आठ आठवडे पुरे करायचे, मग रोजचा सराव टिकवायचा, निवासी मौन शिबिरं करायची, नंतर प्रशिक्षण घ्यायचं आणि जाणत्या शिक्षकाच्या जोडीने वर्ग घ्यायचे. ब्रिटनमध्ये बँगॉर, एक्सेटर आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांतल्या लोकांनी अशा शिक्षकांची पारख करायला सहा अंगं ठरवून दिली आहेत. ध्यान करवून घेणं हे त्यातलं एक. माझ्या मते सर्वांत अवघड अंग आहे ध्यान संपल्यावरची विचारपूस: आत्ता काय झालं, कुठे जाणवलं, हे माणसाकडून ऐकून घेणं, आपलं उत्तर त्याच्या तोंडात न घालता. नवा शिक्षक इथेच घसरतो. डोळे मिटून "श्वास आत, श्वास बाहेर" म्हणायला दोन महिन्यांत येतं. विचारपूस यायला मला सहा-सात वर्षं लागली.

आणि ती मला शिकवली तुमच्याच तासगावच्या बेदाण्याने.

त्या कार्यक्रमाचा पहिला धडा जगभर एकच असतो. प्रत्येकाच्या हातावर एक बेदाणा ठेवायचा. तो बघायचा, चाचपायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, मग सावकाश चावायचा. आपण रोज किती बेसावधपणे खातो ते त्यातून कळतं. मी नवी होते तेव्हा मार्च महिन्यात तासगावच्या बाजूला एका बेदाणा शेडवर वर्ग घ्यायची संधी आली. संध्याकाळी साडेपाचला बावीस बायका पोत्यांवर बसल्या. मी एकेकीच्या तळहातावर बेदाणा ठेवला आणि शिकले होते तसं म्हटलं, "हे फळ तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच बघताय असं समजा."

कुणी काही बोललं नाही. सकाळी आठपासून त्या बेदाणेच निवडत होत्या. बोटं चिकटलेली, नखांत काड्या अडकलेल्या. मग एका वयस्क मावशींनी बेदाणा उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "ह्येच्या एका अंगाला काळं पडलंय. ह्यो खालच्या मालात जातोय." शेजारणीने आपला फिरवून बघितला आणि सांगितलं, "माझा बरा हाय. पर द्येठ तसाच ऱ्हायलाय." एवढ्याशा दाण्यात मला जे दिसलं नव्हतं ते त्यांना बसल्या बसल्या दिसत होतं.

लक्ष देणं मी त्यांना काय शिकवणार होते? त्यांचं लक्ष तर रोजंदारीवर विकलं जात होतं. कमतरता होती ती त्यांच्या लक्षाला विसावा मिळण्याची, आणि ते स्वतःच्या अंगाकडे वळवायला मोकळीक मिळण्याची. मान किती आखडलीय हे बघायला दिवसभरात कुणी त्यांना दोन मिनिटं दिली नव्हती. मी ते बेदाणे परत गोळा केले आणि विचारलं, "आत्ता अंगात कुठं काय होतंय?" उत्तरं सुरू झाली ती तासभर थांबेनात. कंबर. उजवा खांदा. रात्री मुंग्या येणारी बोटं. मग मी त्यांना पोत्यांवर आडवं व्हायला सांगितलं आणि टाचांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायला लावलं. निम्म्या झोपल्या. मी त्यांना झोपू दिलं. तोच त्या दिवशीचा योग्य धडा होता.

पुढच्या आठवड्यात श्वासाचं ध्यान घेतलं. एक जण म्हणाली, "श्वास बघाया लागलं की खोकलाच येतोय वो बाई." मी आधी पाठ केलेलं उत्तर दिलं: खोकला आला तर येऊ द्या, पुन्हा हळूच श्वासाकडे या. घरी जाताना चैन पडेना. बेदाणा पिवळा राहावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. ती बाई त्याच खोलीच्या दाराशी बसून काम करत होती. दम्याच्या उंबऱ्यावरच्या बाईला मी श्वासाशी मैत्री करायला सांगत होते. तिला गरज होती छातीच्या डॉक्टरची, तोंडाला धड मास्कची आणि बसायची जागा बदलण्याची. मी ते मालकांच्या कानावर घातलं. त्यांनी जागा बदलली, पण एक वाक्य ऐकवलं: "मॅडम, तुम्हाला बोलावलं ते बायका कुरकुर करतात म्हणून. तुम्हीच त्यांना कुरकुरायला शिकवू नका."

हे वाक्य तुम्हाला शंभर वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळेल. कारखान्यात, बँकेत, शाळेत. माणसं शांत झाली की मागणं कमी करतील, या हिशेबाने ध्यानाला बोलावणी येतात. तुमचं सामाजिक न्यायाचं शिक्षण नेमकं इथे सुरू होतं. जिथे पगार थकलाय, लघवीला जायची सोय नाही, जादा तासांचे पैसे नाहीत, तिथे "ताण तुमच्या विचारांतून येतो" असं सांगणारा शिक्षक खोटं बोलत असतो. काही ताण विचारातून येतो, काही हजेरीच्या वहीतून. कोणता कुठून आला हे वेगळं करता यायला ध्यान मदत करतं, म्हणून तर ते कष्टकऱ्यांपर्यंत न्यायचं. आता मी बोलावणाऱ्याला आधीच तीन गोष्टी सांगते: वर्ग कामाच्या वेळेत होईल आणि त्या वेळेचा पगार कापायचा नाही, वर्गात कोण काय बोललं ते मी वर सांगणार नाही, अंगाला अपाय होईल असं काही कळलं तर गप्प बसणार नाही. निम्मे लोक इथेच फोन ठेवतात.

विज्ञानाचं म्हणाल तर तुम्ही एम.ए. आहात, तेव्हा मूळ शोधनिबंध वाचायची सवय लावा. वर्तमानपत्रातलं "ध्यानाने मेंदू बदलतो" हे वाक्य मी स्वतः कित्येक वर्षं वर्गात फेकलंय. २०११ साली एका छोट्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या सरावानंतर मेंदूच्या काही भागांची घनता वाढलेली दिसली होती. त्यात ध्यान करणारे होते १६ जण. २०२२ साली त्याहून कितीतरी मोठ्या आणि नीट आखलेल्या अभ्यासात, दोनशेहून जास्त माणसांमध्ये, तसा रचनेतला बदल सापडला नाही. मी ते वाक्य सोडून दिलं. तुम्ही उचलूच नका.

मग काय सांगावं? २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३५१५ माणसांचा एकत्र आढावा निघाला. चिंता, नैराश्य आणि दुखणं यांवर ध्यानाचा परिणाम होतो, तो माफक असतो, आणि व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या माणसांसाठी बेतलेल्या ध्यानाधारित उपचाराचा पुरावा जास्त भक्कम आहे: २०१६ च्या आढाव्यात, ९ चाचण्यांतल्या १२५८ रुग्णांत, ६० आठवड्यांत आजार उलटण्याचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी दिसला. २०२२ साली चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांचा कार्यक्रम एस्सिटॅलोप्रॅम या गोळीच्या तोडीस तोड ठरला. त्याच साली ब्रिटनमधल्या ८००० हून जास्त शाळकरी मुलांवरच्या मोठ्या चाचणीत मात्र शाळेत सरसकट शिकवलेल्या ध्यानाचा नेहमीच्या शिकवणीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. शाळांना मोठी आश्वासनं देण्याआधी हा निकाल आठवा.

या चारही गोष्टी वर्गात सोप्या मराठीत सांगता आल्या पाहिजेत. आणि गोळीचा विषय निघाला की एकच उत्तर: औषध डॉक्टरांनी सुरू केलंय, बदल करायचा तर तेच करतील. ध्यानाला लागले म्हणून मनाने गोळ्या सोडलेली दोन माणसं मी बघितली आहेत. त्यातल्या एकाला मिरजेला भरती करावं लागलं होतं. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर पुराव्यासाठी झगडले, व्यसनमुक्तीचं कामही त्यांनी साताऱ्यातच उभं केलं, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. या मातीत ध्यान शिकवणाऱ्याने बढाया मारू नयेत, एवढी जबाबदारी मला त्यांच्यामुळे वाटते.

विज्ञान वर्गात दाखवायचं असेल तर मेंदूची रंगीत चित्रं नकोत. मी नाडी दाखवते. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेवायची, ठोका सापडेपर्यंत थांबायचं. मग चारपर्यंत मोजत श्वास घ्यायचा आणि सहापर्यंत मोजत सोडायचा. श्वास घेताना ठोके जरा लगबगीने पडतात, सोडताना लांबतात. तरुण मुलांमध्ये फरक ठळक असतो, वयाबरोबर कमी होतो. हृदयाची गती धीमी करणारी एक नस असते, तिचा जोर श्वास सोडताना वाढतो, एवढंच सांगायचं. आठवीतल्या पोरीपासून हळदीच्या अडतीतल्या हमालापर्यंत सगळ्यांना हे स्वतःच्या बोटाखाली कळतं. त्यासाठी माझ्यावर विश्वास ठेवावा लागत नाही.

इथे एक गोष्ट, जी परदेशी कोर्स तुम्हाला सांगणार नाही. आपल्याकडे वर्गात येणारं माणूस कोरं नसतं. कुणाच्या घरी हरिपाठ असतो, कुणी गोंदवल्याचं नाम घेतं, विहारात वंदना म्हणणाऱ्या असतात, मिरजेत तसबीह ओढणाऱ्या आजी असतात. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांवर बघितलं की माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाची लय सुधारते. म्हणजे हरिपाठवाल्या आजींना "ते सोडा, हे करा" म्हणायची काही गरज नाही. उलट वर्गाची सुरुवात कोणत्याही एका धर्माच्या उच्चाराने करू नका. मी पूर्वी ॐ ने करायची. एका वस्तीत चार बायका त्या वेळी ओठ मिटून खाली बघत बसायच्या, आणि मला ते दिसायला तीन आठवडे लागले. आता मी फरशीला टेकलेल्या पावलांपासून सुरुवात करते.

तुमचा स्वतःचा सराव घट्ट करायला इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर चांगलं आहे. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले. त्या शिबिरांना फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ती चालतात. पण ते करून आल्याने ती पद्धत शिकवायचा अधिकार मिळत नाही. तिथे वर्षानुवर्षं सराव आणि सेवा केलेल्यांनाच नेमतात. आणि तुमच्या विद्यार्थ्यांना सरसकट तिकडे पाठवू नका. ज्याला पूर्वी मोठा मानसिक आजार झालाय त्याने दहा दिवसांचं मौन धरणं धोक्याचं ठरू शकतं.

ध्यानाने त्रासही होतो, हे बहुतेक कोर्स एका ओळीत उरकतात. भीती दाटणं, झोप उडणं, स्वतःच्या शरीरापासून तुटल्यासारखं वाटणं, हे सगळं २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अनुभवी साधकांच्या मुलाखती घेऊन नोंदवलंय. मला ते वाचनातून कळण्याआधी डोळ्यांनी दिसायला हवं होतं, पण दिसलं ते फार उशिरा.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. पूर ओसरल्यावर दीड महिन्याने पलूस तालुक्यातल्या एका गावी शाळेच्या खोलीत मी वर्ग घेतला. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ होती. आणि मी सवयीने बोलून गेले: "मन नदीसारखं वाहतंय, विचार पानांसारखे वाहून जातायत." तिसऱ्या ओळीतल्या एका बाईंनी सतरंजी मुठीत धरली. चेहरा पांढरा पडला. मी बोलतच होते. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डोळं झाकलं की पाणी येतंय वो. म्हस वरडत्या." दावं सोडायला वेळ मिळाला नव्हता. माडीवरून त्यांनी म्हशीचं ओरडणं ऐकलं होतं, ते थांबेपर्यंत.

ध्यान तिथेच थांबवलं. सगळ्यांना डोळे उघडायला लावले आणि बाहेर पायऱ्यांवर, उन्हात जाऊन बसलो. त्या बोलत राहिल्या, शेजारणींनी पाठीवर हात ठेवला, मी गप्प बसले. तेव्हापासून माझ्या वर्गात डोळे मिटण्याची सक्ती नाही. तोंड दाराकडे करून बसायची मुभा आहे, मधूनच उठून जायची आहे, आणि श्वास नको असेल तर हातात ज्वारीचे दाणे फिरवायचे किंवा बाहेरचे आवाज ऐकायचे. कुठल्याही गावात जाण्याआधी तिथे गेल्या काही वर्षांत काय घडलंय ते विचारून घेते. जे आपल्या आवाक्यात नाही ते ओळखायला शिका: जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग कोणत्या वारी चालू असतो, हे शिक्षकाला तोंडपाठ हवं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर.

वर्ग कुठे घ्यायचा, हाही न्यायाचाच प्रश्न आहे. फुकट मिळाला म्हणून मंदिराचा हॉल घेतलात तर कोण येणार नाही हे आधीच ठरून गेलं. आपण ज्याला आसन म्हणतो त्याचीच एक गोष्ट सांगते. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं; आज ती प्रतापसिंह हायस्कूल. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यांना वर्गात वेगळं, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावं लागे. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. शिपाई असला तर पाणी, नसला तर दिवसभर तहान. त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवायला बसवणारं वसतिगृह उभं केलं. तुम्ही सतरंजी अंथराल तेव्हा बघा कोण कडेला बसतंय, प्यायचं पाणी कोण भरतंय आणि पेला कुणाला वेगळा दिला जातोय. मी हे कॉलनीतल्या वर्गांमध्ये आजही बघते. बाबासाहेबांनी धम्माच्या केंद्रस्थानी माणूस आणि माणसाचं माणसाशी असलेलं नातं ठेवलं. वर्गातला पेला त्या नात्यातच येतो, म्हणून तो बदलल्याशिवाय मी ध्यानाला सुरुवात करत नाही. खुर्च्याही ठेवा. ऊस तोडून आलेल्या बाईला मांडी घालायला लावणं ही शिक्षा आहे.

तुमच्यासाठी पुढची दोन वर्षं मला अशी दिसतात. पहिलं वर्ष आठ आठवड्यांचा कार्यक्रम विद्यार्थी म्हणून करा, एक निवासी शिबिर करा, आणि वर दिलेले शोधनिबंध एखाद्या मैत्रिणीबरोबर वाचून काढा. दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी वर्गात सहायक म्हणून बसा. पाणी भरा, हजेरी घ्या, विचारपूस ऐका. मग तुमचा सहा जणींचा पहिला वर्ग. त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांची परवानगी घेऊन करा आणि जाणत्या माणसाला ऐकवा. माझ्याकडे आणलंत तर मी ऐकेन.

राहिली फी. पूर्ण फुकट शिकवू नका. तुमचं पोट चाललं तरच वर्ग टिकेल. मी नोकरदारांच्या आणि संस्थांच्या वर्गांना पूर्ण फी घेते आणि त्यावर वस्तीतले वर्ग चालवते. तिथे दाराशी एक डबा असतो, झाकणाला फट पाडलेला, आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसते. ज्याला जमेल ते टाकावं, न टाकलं तरी कुणाला कळू नये. तासगावच्या त्या शेडवर शेवटच्या दिवशी डब्यात दहा-वीसच्या नोटा निघाल्या, एक पाचशेची निघाली, आणि कागदाच्या पुडीत बांधलेले मूठभर बेदाणे. सगळे एकसारखे गोल, एकालाही डाग नव्हता.